हलक्या अंगाची

सातपुड्यातल्या धडगावच्या आठवडे बाजारात प्लास्टिकच्या बाटलीकडे कुणी वळून बघत नाही, पण तिच्यावाचून बाजार चालतही नाही. एकीच्या टोपलीत ती मध पोटात घेऊन बसलेली असते, दुसरीच्या टोपलीत मोहाच्या बियांचं तेल. कंपनीचं लेबल कधीच निघालेलं, अंगावर उरलेला असतो तो फक्त डिंकाचा पट्टा आणि त्याला चिकटलेली धूळ. तरी घराणं लपत नाही. तळाला पाच पाय असले की समजावं, बाई मूळच्या कोल्डड्रिंकच्या. गॅसचा दाब सोसायला तसा तळ लागतो. पाण्याच्या बाटलीचा तळ साधा आणि अंगही नाजूक, जरा दाबलं की कुरकुरणारं.

जन्मतः ती असते परीक्षानळीएवढी. गळा पुरा झालेला, त्यावर झाकणाचे आटेही पडलेले. खालचं अंग मात्र आखूड आणि जाड. कारखान्यात तिला प्रीफॉर्म म्हणतात. शंभर अंशांच्या आसपास तापवून तिला साच्यात धरतात, आत सळई घालून लांबवतात आणि बाहेरच्या हवेच्या 25 ते 40 पट दाबाने हवा फुंकतात. पापणी लवेपर्यंत बाटली तयार! ताणलं गेल्यामुळेच त्या पातळ अंगात बळ येतं. ड्यूपॉन्ट कंपनीतले इंजिनिअर नॅथॅनियल वायेथ यांनी 1973 मध्ये या पेट बाटलीचं पेटंट मिळवलं. गॅसवालं पेय प्लास्टिकच्या बाटलीत टिकावं कसं, एवढीच त्यांची विवंचना होती. सातपुड्यातला मध त्यांच्या हिशेबात कुठून असणार?

तो ताण ती जन्मभर विसरत नाही. उकळता चहा ओतला की अंग चोरते, वेडीवाकडी होते. गळा तेवढा ताठ राहतो, कारण तो कधी ताणलेलाच नसतो. म्हणून थंडीत मोहाचं तेल आत गोठलं, तर जाणती बाई तिला चुलीजवळ नेत नाही. अंगणात उन्हाला ठेवते आणि तेल सुटायची वाट बघते.

तिच्या आधी इथं तुंबा होता. भोपळा वेलावरच जून होऊ द्यायचा, वाळवायचा, आतला गर कोरून काढायचा, की पाणी न्यायला भांडं तयार. तोही हलकाच, पण हातून पडला की फुटायचा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत नाचणाऱ्यांच्या कमरेला वाळके भोपळे अजून दिसतात. शेतावर जाताना मात्र हातात बाटली. ओलं गोणपाट गुंडाळून ती झाडाला टांगली की दुपारपर्यंत पाणी पिण्याजोगं राहतं. चढणीच्या वाटेवर डोक्यावर आधीच मोळी असते. तिथं भांड्याचं वजन म्हणजे फुकटचा बोजा, आणि हिचं वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. ‘एकदा वापरा, चुरगाळा, फेका’ हा कंपनीचा उपदेश म्हणूनच पाड्यावर कुणी मनावर घेतला नाही.

स्वभावात खोट एकच: ती कुणालाही नाही म्हणत नाही. आत पाणी आहे की मोहाची, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. तो विनोद चालून जातो. पण कपाशीवर फवारायचं औषध उरलं म्हणून कुणी तिच्यात ओतून ठेवलं, आणि पोराने तहानेच्या भरात तोंडाला लावलं, तर तिथं हसण्यासारखं काही उरत नाही.

म्हातारपणी तिचा गुणच तिच्या मुळावर येतो. शहाद्यात, नंदुरबारात तिला भंगारवाला उचलतो; धुऊन, तुकडे करून पुढे तिचा पॉलिस्टरचा धागा होतो. पाड्यावर तो फिरकत नाही. टेम्पो काठोकाठ भरला तरी त्यात बाटल्या कमी आणि हवा जास्त, डिझेलचे पैसेही सुटत नाहीत. मग ती चुलीत जळते, नाहीतर पावसाळ्यात नाल्याला लागून नर्मदेची किंवा तापीची वाट धरते. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी तिला परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. त्यासाठी घाटात वेगळी गाडी धाडायलाही नको. दुकानांना माल पोचवणारी गाडी भरून वर चढते आणि उतरताना रिकामीच असते. हवा वाहून नेणं परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी बाटली वर आणताना भाडं कुणाकडून घेतलं होतं, एवढं आठवावं.