एमजीचं इंजिन विकताना

संपादकांना हवा होता ‘जुन्या मोटारींचे सोनेरी दिवस’ छापाचा लेख. संस्थानिकांच्या गाड्या, रॅलीतले फेटे, चकाकणारा क्रोम. तसं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक ग्राइंड करण्यात आणि ब्लॉक बोअर करण्यात गेली, त्यामुळे मी बॉनेटखालचंच लिहिणार. त्यात यंदा उन्हाळ्यात एक इंजिन दुकानात येऊन गेलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

इंजिन एमजीए या गाडीचं. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. एक लाखावर गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या; आपल्या वाट्याला अगदी थोड्या आल्या. पुण्याच्या एका गृहस्थांकडे गाडीबरोबर हे जादाचं इंजिन आलं होतं आणि ते त्यांना विकायचं होतं. गिऱ्हाईक मुंबईचं. सौदा जवळजवळ ठरला होता, अडलं होतं एका कागदावर. ‘इंजिन संपूर्ण रीबिल्ट आहे’ असं मी माझ्या लेटरहेडवर लिहून द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वीचं एका गॅरेजचं बिल: ‘फुल इंजिन ओव्हरऑल’. वर ताजा रंग, खाली अँगलचा छान स्टँड.

मी म्हटलं, हेड काढावं लागेल.

“काका, चांगलं सीलबंद इंजिन उघडता कशाला?”

हा प्रश्न मला प्रत्येक विकणारा विचारतो. डोळे मिटून लिहून द्यायचं असतं तर कोल्हापूरपर्यंत टेम्पो कशाला आणायचा?

हेड निघालं. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी रॉकेलच्या बोळ्याने पुसली, तर खाली आकडा ठोकलेला: ०४०. म्हणजे सिलिंडर मूळ मापापेक्षा चाळीस थाऊंनी मोठा केलेला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या ब्लॉकला सहसा एवढ्यावरच थांबायचं. पुढे बोअर न करता लायनर घालायचा. हे बोअरिंग केव्हातरी, फार पूर्वी झालं होतं. मग मी सिलिंडरच्या आत वरच्या कडेला नख फिरवलं. नख अडकलं. रिंगा जिथवर पोचतात तिथवर भिंत झिजते, त्याच्या वर झिजत नाही. त्या दोन्हींच्या मधली ही पायरी. नीट बोअर केलेल्या आणि नंतर फारशा न चाललेल्या इंजिनात ती सापडत नाही. बोअर गेज लावला तर वर आणि खाली पाच थाऊंचा फरक. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाची एक आडवी रेघ होती, कारण इतकी वर्षं कोणी क्रँक हाताने फिरवलाच नव्हता.

मग सम्प काढला. बेअरिंगचे शेल नवे कोरे होते, पाठीवर ०२० लिहिलेले. पण क्रँकच्या ज्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, ते बसवले होते ती मायक्रोमीटरने दीड-दोन थाऊ ओव्हल निघाली. बिलातल्या कामात क्रँक मशीनवर चढलाच नव्हता. रिंगा नव्या, शेल नवे, गॅस्केट किट नवं, रंग नवा. बिल करणाऱ्याने सुटे भाग घातले नाहीत असं मी म्हणणार नाही. पण मशीनवर काहीच गेलं नाही, आणि आमच्या धंद्यात इंजिन घडतं ते तिथेच. असं रिंग-बेअरिंगचं काम वाईट नसतं. गाडी दोन-चार वर्षं धूर न काढता चालते. त्याला त्याच्या नावाने विकावं, एवढंच.

आता इंजिनच्या नंबरच्या पट्टीबद्दल, कारण खरी अडचण तिथे होती. एमजीए १५०० या मॉडेलच्या इंजिनचा नंबर ब्लॉकवर कोरलेला नसतो, एका छोट्या पट्टीवर असतो आणि ती ब्लॉकला रिव्हेटने ठोकलेली असते. इथे पट्टी होती, ‘१५ जीबी’पासून सुरू होणारा नंबरही होता, पण रिव्हेटच्या जागी दोन चकचकीत स्क्रू. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीचा मूळ इंजिन नंबर दाखल्यावर मिळतो. दाखला नंबराबद्दल खरंच बोलतो. ती पट्टी आज कुठल्या ब्लॉकवर बसली आहे, हे त्याला काय ठाऊक?

आणि ब्लॉक दुसरा मिळणं आपल्याकडे मुळीच अवघड नव्हतं. एमजीए १५०० चं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, १४८९ सीसी. बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. आपल्या अँबेसिडरमध्ये हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला हेच इंजिन वर्षानुवर्षं बसवलं. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ८.३ चं कॉम्प्रेशन, त्यामुळे ताकद ७० हॉर्सपॉवरच्या आसपास. अँबेसिडरला एकच कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन कमी, चाल टॅक्सीची. पण क्रँकचा स्ट्रोक तोच, मेन बेअरिंग तीनच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. आयातीवर कडक निर्बंध होते तेव्हा कितीतरी एमजीवाल्यांनी अँबेसिडरचं सामान घालून गाड्या चालत्या ठेवल्या. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट ज्या मिस्त्रींनी त्या गाड्या जगवल्या, त्यांच्यामुळेच आज क्लबांच्या प्रदर्शनात काहीतरी उभं आहे. तिथे उभे राहून ‘ओरिजिनल नाही हो’ म्हणत नाक मुरडणाऱ्यांना त्या काळात एक पिस्टन मागवायला लावायला हवा होता! पण अँबेसिडरच्या ब्लॉकवर एमजीची पट्टी स्क्रूने बसवून एमजीचा भाव घ्यायचा, ही निव्वळ फसवणूक. हा ब्लॉक तसाच आहे, असं मी म्हटलेलं नाही. तो तसा नाही, असंही मी लिहून देऊ शकत नव्हतो.

सरकारनेही या घोळात भर घातली आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी वीस हजार. चांगलं झालं. पण व्याख्येत म्हटलं आहे की गाडी मूळ रूपात हवी आणि तिची मोठी दुरुस्ती झालेली नसावी. साठ वर्षांचं इंजिन न उघडता कसं चालेल, ते नियम लिहिणाऱ्याने उद्यमनगरात येऊन मला दाखवावं. परिणाम असा, की खरं काम करून घेणारा मालक बिलं लपवतो आणि काहीच न करणारा ‘ओव्हरऑल’चं बिल मिरवतो.

पत्र मी दिलं नाही. मापांचा तक्ता दिला: चारही सिलिंडर वर-मध्ये-खाली, दोन्ही दिशांनी, क्रँकची प्रत्येक जर्नल, पट्टीचा आणि स्क्रूंचा फोटो. पुण्याचे गृहस्थ रागावले, पण वाद न घालता घेऊन गेले. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. “आकडे मला कळत नाहीत, इंजिन चांगलं की वाईट तेवढं सांगा.” दोन-अडीच लाखांचा व्यवहार करणारा माणूस एका पानावरचे आकडे वाचायला तयार नाही, याचा मला त्या बिलापेक्षा जास्त वैताग आला. डॉक्टरकडून रिपोर्ट घेताना हेच लोक कंसातली नॉर्मल रेंज पाठ करून येतात.

तरी त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. असं इंजिन विकायचं असेल तर कामाच्या वेळचा मापांचा तक्ता जपून ठेवा, सिलिंडरमध्ये तेल सोडून महिन्यातून एकदा क्रँक हाताने फिरवा आणि गिऱ्हाइकासमोर हेड काढायला हरकत घेऊ नका. घ्यायचं असेल तर रंगाला पैसे देऊ नका. त्या इंजिनचा ब्लॉक लायनर घालण्याजोगा आहे आणि क्रँक तीस थाऊवर निघेल. त्याला तेवढीच किंमत आहे.