फावल्या वेळचें काम

सल्ला देणें सोपें असतें. त्याची किंमत मात्र घेणाऱ्यास द्यावी लागते. पुष्कळ वर्षें शिकविण्यांत घालवूनही ही गोष्ट आम्हांस गेल्या वर्षीं नव्यानें शिकावी लागली.

पावसाळ्याचे दिवस होते. शाहूपुरींतील आमच्या घरीं एक जुना विद्यार्थी आला. बारावी झालेली, वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेंत गुण कमी पडलेले, वर्षभर घरीं अभ्यास करून पुन्हां बसण्याचा निश्चय. वडील मार्केट यार्डांत गुळाच्या रव्यांची हमाली करितात; तेव्हां शिकवणीची फी त्यानेंच मिळवावी, असें ठरलें होतें. तीन कामें समोर होतीं: औषधांच्या दुकानांत माल लावणें, एका रुग्णालयांत रात्रपाळीचा मदतनीस होणें, किंवा शेजारच्या नववी-दहावीच्या मुलांस सायंकाळीं दोन तास विज्ञान शिकविणें. पगार रात्रपाळीस अधिक.

आम्हीं फारसा विचार न करितां म्हटलें, "ज्याला डॉक्टर व्हायचं आहे, त्यानं रोग्याच्या उशाशी बसावं." वाक्य आम्हांसच फार आवडलें. मुलगा आज्ञाधारक, त्यानें तसेंच केलें.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या आई वाटेंत भेटल्या. "सर, पोरगं पुस्तकावरच झोपतंय बघा," एवढेंच त्या म्हणाल्या. बोलण्यांत तक्रार नव्हती. म्हणूनच तें आम्हांस लागलें. सराव परीक्षांतील त्याचे गुण दर महिन्यास उतरत होते.

मग जें आधीं करावयास हवें होतें तें आम्हीं केलें. त्याला घेऊन कागदावर हिशेब मांडला. अमेरिकेंत वैद्यकीय प्रवेश देतांना उमेदवारानें रुग्णालयांत केलेल्या कामाकडेही पाहतात. आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो. रोग्याच्या उशाशीं काढलेल्या शंभर रात्रींस तेथें एकही गुण नाहीं. २०२५ सालच्या परीक्षेंत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक वजा. जागरणानें जड झालेलें डोकें तेथें दुहेरी नुकसान करितें: येणारें उत्तर चुकतें, आणि चुकल्याचा दंडही बसतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढलें. ‘कमवा व शिका’ या त्यांच्या योजनेंत गरिबांचीं मुलें श्रम करून शिकलीं. ही हकीकत आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली होती. पण तींतील मर्म ऐन वेळीं विसरलों. तेथें शिक्षण मुख्य, आणि काम त्यास आधार म्हणून जोडलेलें. आम्हीं या मुलाच्या बाबतींत नेमकें उलट करून ठेविलें होतें.

त्यानें रात्रपाळी सोडली. पैसे कमी झाले. वडिलांनीं आणखी ओझीं उचललीं, हें आम्हांस मागाहून कळलें. आतां तो सायंकाळीं मुलांस शिकवितो. भौतिकशास्त्र हा त्याचा कच्चा विषय. पण भिंगांतून जातांना प्रकाश कां वळतो, असें एका दहावीच्या मुलीनें तीनदां विचारल्यावर त्यास स्वतःलाच तें प्रथम नीट उमगलें, असें तो हसून सांगतो.

रात्रपाळी सर्वस्वी वाया गेली, असें मात्र तो म्हणत नाहीं. एका वृद्धाचें अंथरूण बदलतांना आपणांस किळस आली नाहीं, हें त्यास तेथेंच कळलें. परंतु तें कळण्यास चार रात्री पुरल्या असत्या. आम्हीं त्यास चार महिने बसविलें.

पालकहो, मुलानें काम धरलें तर पगार अवश्य विचारा. पण त्याआधीं झोपेला किती तास उरतात, तें विचारा. विद्यार्थिमित्रांनो, शिक्षकाचा सल्ला ऐकावयास गोड लागला, तरी एकदां कागदावर मांडून पाहा. त्या मुलाची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. निकाल काय लागेल तो लागो. परीक्षेच्या दिवशीं तो पुरती झोप घेऊन बसावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.