लॅम्बटनची साखळी

हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास १८६५ सालीं जॉर्ज एव्हरेस्टचें नांव मिळालें, हें प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु ज्या मोजणीनें त्या शिखराची उंची कळली, तिचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन आपल्या वर्धा जिल्ह्यांत, हिंगणघाट येथें, मातीआड झाला हें कितीकांस ठाऊक असेल? मजपुरतें सांगावयाचें, तर मोठमोठ्या सेनापतींच्या चरित्रांपेक्षां या शिपाईगड्याचें चरित्र मला अधिक मोह घालतें.

युद्धांतील त्याची कमाई बेताचीच. १७८१ सालीं अमेरिकेंत यॉर्कटाऊन येथें तो शत्रूच्या हातीं सांपडला. पुढें कित्येक वर्षें न्यू ब्रन्सविकमध्यें बराकींची देखरेख करण्यांत गेलीं. सूर्यग्रहण पाहतांना एक डोळा अधू झाला. परंतु त्या रिकाम्या दिवसांत त्यानें गणित व ज्योतिष यांचा व्यासंग केला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेंत तो कामास आला. एके रात्रीं जनरल बेअर्डची तुकडी दक्षिणेस जावयाची ती उत्तरेस, थेट टिपूच्या छावणीकडे, चालली आहे हें त्यानें ताऱ्यांवरून ओळखिलें. बेअर्डला तें पटेना. होकायंत्र पाहिल्यावर तारेच खरे ठरले!

लढाई संपली आणि त्याचें खरें आयुष्य सुरू झालें. १८०२ सालीं मद्रासजवळ त्यानें शंभर फुटी पोलादी साखळीनें सुमारें साडेसात मैलांची पायारेषा मोजिली. एक बाजू व कोन हातीं आले कीं उरलेल्या बाजू गणितानें निघतात. असा त्रिकोणास त्रिकोण जोडीत तो वीस वर्षें देश आक्रमीत गेला. कोन मोजण्याचें यंत्रच अर्ध्या टनाचें. १८०८ सालीं तंजावरच्या देवळावर चढवितांना दोर तुटून तें भिंतीवर आदळलें. लॅम्बटननें स्वतःस कोंडून घेतलें आणि सहा आठवडे खपून वांकलेलें वर्तुळ आपल्या हातांनीं पूर्ववत् केलें.

ही मोजणी केवळ ज्ञानाकरितां होती असें मानणें भाबडेपणाचें होईल. नुकतेंच जिंकलेलें म्हैसूर कंपनीस नकाशावर हवें होतें. शिवाय तें ओझें टेकडीटेकडीवर वाहून नेणारे, रानांतील तापानें आजारी पडणारे खलाशी कोण होते, हें आज कोण सांगणार? तरीहि ज्याच्या मोजणींत इंचाचीहि हयगय नाहीं, अशा माणसाविषयीं मला आदर वाटतो.

१८२३ च्या जानेवारींत नागपुरास जातांना हिंगणघाटच्या मुक्कामीं क्षयानें त्याचा अंत झाला. १८१८ पासून हाताखालीं असलेल्या एव्हरेस्टनें पुढें ती त्रिकोणांची रांग डेहराडूनपर्यंत नेली.