दर्ज

उर्दूत ‘दर्ज़’ म्हणजे शिवण, सांधा, फट. कपड्याच्या दर्ज़ शिवणारा तो दर्ज़ी. हा शब्द वर्गात शिकवताना आम्ही नेहमी कापडाचेच उदाहरण देत आलो. पण फारसीतून आलेला तोच शब्द आपल्या गवंड्यांच्याही तोंडी आहे. फरश्यांमधल्या फटी बुजवायच्या असल्या की ते म्हणतात, “दर्जा भरून घ्या.”

सोलापुरातल्या आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशीची मोरी होती. झिरपलेले पाणी जमिनीत जायचे. फ्लॅटमध्ये आपली जमीन म्हणजे दुसऱ्याचे छत. बाथरूममध्ये फरशी आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली आणि खालच्या काकूंच्या छताचे पोपडे त्यांच्या धुतलेल्या कपड्यांवर पडू लागले. आमच्या घरात पाच माणसे, त्यात दिवसातून पाच वेळा वजू. फरशी वाळायची कधी? काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. अम्मींना तेच जास्त लागले. हमसायाला आपल्यापासून तकलीफ होऊ नये, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलेले. त्या वर्षी ईदचा शीरखुर्मासुद्धा त्यांनी स्वतः न जाता मुलांच्या हाती खाली धाडला.

गवंड्याने दोनदा पांढरे सिमेंट भरले. दोन्ही वेळा काही महिन्यांत केसासारखी चीर दिसू लागली. कारण साधे आहे. जमीन आणि भिंत एका चालीने हलत नाहीत. पारा 40 अंशांच्या पुढे गेला की दोन्ही आपापल्या परीने फुगतात, थंडीत आकसतात. मधल्या दर्जांना सिमेंट चालते; कडेला मात्र लवचीक माल हवा. कडक माल तिथे एका बाजूने सुटतोच.

मग आम्ही जुने सिमेंट खरवडून काढले, धूळ झाडली, फट पूर्ण वाळू दिली. खोल जागी फोमची दोरी दाबली, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावली आणि सॅनिटरी सिलिकॉन भरले. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ते एका ओढीत सारखे केले, पट्टी लगेच काढली. घरभर सिरक्यासारखा वास पसरला.

या सगळ्यात तीन दिवस तिथे पाण्याचा थेंब पडू द्यायचा नव्हता. अम्मींच्या वजूचे काय? काकूंना कळले तशा त्या वर आल्या. “भाभी, आमचं बाथरूम काय परक्याचं आहे?”

अम्मी फजरच्या आधी संकोचत खाली गेल्या. काकूंनी दाराची कडी आधीच काढून ठेवली होती, नळाजवळ स्टूल मांडले होते. वजू झाल्यावर अम्मींनी वर छताकडे पाहिले. “रंग का खर्चा हमारा,” त्या म्हणाल्या.

“आधी वाळू तर द्या,” काकू म्हणाल्या, “मग बघू.”

दिवाळीच्या आधी ते छत रंगवून झाले. फराळाचे ताट घेऊन काकू स्वतः वर आल्या.