किंकाळी कुठे ठेवायची

हैदराबाद संस्थानात निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या काळात ज्यांच्यावर अत्याचार झाले आणि तरी ज्या जगल्या, अशा बायकांचे जुने टेप मी जपून ठेवलेत. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, माजलगावात आम्ही त्यांवर डॉक्युड्रामा करतो. टेपवर खरा आवाज, मधे अभिनेत्री. अडतं एकाच जागी. म्हातारी सांगता सांगता थांबते आणि एकदम गोठ्यातली जनावरं कुणी सोडली, त्यावर जाते. तिथे अभिनेत्रीनं काय करायचं?

मी तिथे किंकाळी घातली. लोक रडले. त्या रडण्याची मला चटक लागली. पुढच्या वर्षी वर लाल दिवाही आला.

यंदा ही भूमिका ऊसतोडीच्या घरातली पोरगी करतेय. ती ओरडेचना. म्हणाली, "मॅडम, ती एवढी वरडली असती तर गावाला ऐकू गेलं असतं की. मग गाव गप कसं?" उत्तर सुचेना, म्हणून मी तिला आवाजाच्या व्यायामाला बसवलं.

किंकाळीविना हे जमवलेला एक चित्रपट मला आठवला. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी हुकूमशाही होती. दिग्दर्शिका लुसिया मुरात त्या काळात कैदेत छळ सोसून आलेली. १९८९ च्या तिच्या चित्रपटात छळातून वाचलेल्या बायका कॅमेऱ्यासमोर स्वतःचं स्वतः सांगतात. इरेने रावाश ही अभिनेत्री निनावी बाई होऊन प्रेक्षकांशी बोलते, पण छळ करून दाखवत नाही. चीड, कुचेष्टा, शरीराची भूक, असं चारचौघांत न बोललं जाणारं तिच्या वाट्याला. हे मला आधी सुचायला हवं होतं, असा मत्सर अजून वाटतो.

आमच्याकडे २०२४ च्या 'रझाकार' चित्रपटानंतर ज्याला त्याला दणकाच हवा. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतानं हैदराबादवर केलेल्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान बायकांवर जे गुदरलं, ते सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं नोंदवलं. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. त्यांतली एक बाई रंगमंचावर आणू म्हटलं, तर एक देणगीदार चहा अर्धा टाकून उठले.

आता किंकाळी काढलीय. म्हातारी थांबते, टेप चालू राहतो, जनावरांची हकीकत पूर्ण ऐकू येते. मग पोरीचाच तो प्रश्न. तो तिनंच प्रेक्षकांना विचारावा, असं माझं म्हणणं. ती ऐकत नाही. "तुम्ही विचारा मॅडम," म्हणते, "आम्ही सहा महिने कारखान्यावर. गावातल्या तुम्ही."