बसावयास जागा

मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याविषयीं एक आख्यायिका सांगतात. ज्यांच्या देणगीनें हा मनोरा उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंदांच्या मातोश्री दृष्टिहीन होत्या. सूर्यास्तापूर्वीं भोजन आटोपण्याचा त्यांचा जैनधर्मीय नेम, आणि घड्याळाचे टोले ऐकूनच त्यांना ती वेळ कळे. कथा खरी असो वा नसो, मला ती फार आवडते. १८७८ सालीं पुरा झालेला, ग्रंथालयाच्या माथ्यावर २८० फूट चढलेला हा विद्येचा मनोरा एका वृद्धेच्या जेवणाच्या वेळेशीं जोडलेला असावा, यांत मला कांहींच विसंगति दिसत नाहीं. विद्या आणि भोजन यांचें नातें आपण समजतों त्याहून जवळचें आहे.

१८५७ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पटावर माझें नांव होतें खरें. परंतु माझ्या शिक्षणाचा निम्मा वाटा आवाराच्या बाहेर, काळा घोडा ते हुतात्मा चौक एवढ्या दहा मिनिटांच्या वाटेवर पार पडला. फुटपाथवर मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या राशींपाशीं उभा राहून मी एका कादंबरीचीं वीसवीस पानें रोज वाचीत असें. विक्रेता तें पाही. आणि चौथ्या दिवशीं त्यानें कांहीं न बोलतां एक स्टूल पुढें सरकविलें. तें पुस्तक मीं पुढें विकत घेतलें, हें सांगणें नकोच. स्टुलाचें भाडें म्हणून तरी तेवढें करणें भाग होतें!

त्या परिसराची सारी थोरवी अशा स्टुलांत होती. टी. एन. शानभाग यांनीं १९४८ सालीं एका चित्रपटगृहांत थाटलेला लहानसा 'स्ट्रँड बुक स्टॉल' पुढें फोर्टांत आला, आणि सवलतीच्या दरानें पुस्तकें देऊन त्यानें मध्यमवर्गीयांच्या कैक पिढ्यांचीं कपाटें भरलीं. 'ऱ्हिदम हाऊस'मध्यें तबकडी विकत घेण्यापूर्वीं ऐकून पाहतां येई. जहांगीर कलादालनांतील 'समोवार' म्हणजे आगगाडीच्या डब्यासारखें लांबट, अरुंद उपाहारगृह. तेथें एका चहावर तासभर वाद घालणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेनें पाहत नसे. आणि 'वेसाइड इन'! तेथील टेबलाशीं कवि अरुण कोलटकर वर्षानुवर्षें बसत. समोरच्या रस्त्यावर नांदणारीं माणसें न्याहाळतां न्याहाळतां त्यांनीं जें टिपलें, तें २००४ सालीं 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी काव्यसंग्रहाच्या रूपानें प्रसिद्ध झालें. एका उपाहारगृहाच्या टेबलानें साहित्याला याहून अधिक काय द्यावें?

'वेसाइड इन' मिटलें. २०१५ सालीं 'समोवार' गेलें, २०१६ सालीं 'ऱ्हिदम हाऊस', २०१८ सालीं 'स्ट्रँड'. कारणें निरनिराळीं, कोठें जागेचा करार संपला, कोठें गाणें घरबसल्या ऐकण्याची सोय झाली. यांत एकालाच दोष द्यावा असें नाहीं. परंतु योगायोग असा, कीं ज्या सालीं 'स्ट्रँड'चें दार बंद झालें, त्याच सालीं युनेस्कोनें ओव्हल मैदानाभोंवतींच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. दगडाचें रक्षण झालें, याचा आनंद मलाही आहे. पण चहाचें टेबल कोणत्याच यादींत बसत नाहीं. मनोरा पाडावयाचा म्हटल्यास सारें शहर धांवून येईल. टेबल उचललें जातें तेव्हां फार तर एक हळहळीचा लेख छापला जातो.

माझी पुतणी गेल्या वर्षीं याच परिसरांतील एका महाविद्यालयांत दाखल झाली. पहिल्या आठवड्यांत मीं तिला सारें फिरवून दाखविलें. काळा घोडा पाहून ती थबकली. एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं येथून हलविला, तरी परिसराचें नांव तेंच राहिलें. २०१७ सालीं घोडा पुन्हा आला, पण स्वारावांचून, असें मीं तिला सांगितलें. माझें सारें पुराण तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "काका, इमारती खूपच देखण्या आहेत. पण आम्ही बसायचं कुठं?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधावयास आम्हांला दुपार लागली. जहांगीर कलादालन १९५२ पासून उघडें आहे आणि तेथें चित्रें पाहण्यास पैसे पडत नाहींत. त्याच्या पायऱ्यांवर आम्ही थोडा वेळ टेकलों. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागील बाग मीं तिला दाखविली. १८७० सालच्या त्या वास्तूंत सभासदाला आजही झाडांच्या सावलींत वाचतां येतें. पुस्तकांची फुटपाथवरील रांग पूर्वीच्या मानानें रोडावली आहे, पण पुरती मोडलेली नाहीं. शेवटीं धोबी तलावाला, १९०४ सालीं उघडलेल्या 'कयानी'मध्यें आम्ही ब्रून मस्का आणि चहा मागविला. तेथें तिच्याच वयाचीं चार मुलें कसल्याशा निबंधावरून तावातावानें भांडत होतीं. पुतणी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. अर्ध्या तासानें तिनें खुर्ची किंचित् तिकडे वळविली. मीं मुकाट्यानें पैसे चुकते केले आणि घरीं एकटाच परतलों.

तरुणांना ज्ञान देण्यासाठीं आपण मोठमोठे दिवाणखाने बांधतों. त्या ज्ञानावर भांडण्यासाठीं मात्र स्वस्त चहा आणि न हांकलणारा मालक लागतो. अशीं जीं चार ठिकाणें उरलीं आहेत, तीं आपल्या हळहळीवर चालणार नाहींत, गल्ल्यावर चालतील. म्हणून वाचकांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं त्या बाजूस जाल तेव्हां मनोऱ्याकडे मान वर करून जरूर पाहा. पण मग खालीं येऊन एखादें पुस्तक विकत घ्या, एक चहा मागवा, आणि शेजारच्या टेबलावरचा वाद फार लांबला तरी कपाळाला आठी घालूं नका.