चिंचोक्याचा वास

तेलंगणातल्या निर्मलमध्ये खेळणी करणाऱ्यांच्या वस्तीत शिरलं की आधी वास येतो, रंग मागाहून दिसतात. चुलीवर शिजणाऱ्या चिंचोक्याच्या पुडीचा तो वास; किंचित आंबूस, किंचित भाजका, त्यात पोनिकीच्या लाकडाचा ओलसर भुसा मिसळलेला. आजही तो आठवला की माझा दहावीनंतरचा सबंध उन्हाळा डोळ्यांपुढे येतो.

त्या उन्हाळ्यात घरात दोनच शब्द फिरत होते, एमपीसी आणि बायपीसी; इंटरचे, म्हणजे अकरावी-बारावीचे, दोन गट. एकात गणित, दुसऱ्यात जीवशास्त्र. भौतिक आणि रसायन दोन्हींकडे होतेच, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. माझा जीव मात्र त्या दोघांतच गुंतलेला. दुपारी वाद पेटला, की मी हळूच चपला घालून त्या वासाच्या दिशेने निघायचो.

तिथले एक काका हरणाच्या पायाचा सांधा बुजवत बसलेले असायचे. चिंचोक्याच्या खळीत भुसा मळून केलेलं लुकण बोटाच्या पेरावर घ्यायचे, फटीत दाबायचे, ओल्या बोटाने सारखं करायचे आणि हरिण उन्हात ठेवून द्यायचे. वाळल्यावर जोड कुठे होता ते शोधूनही सापडत नसे. मी बघत राही. पाण्यात नुसती खाली बसणारी पूड आच लागताच इतकी चिकट का होते? हे लाकूड एवढं हलकं कसं? तीन पायांवर तोललेलं हरिण पडत का नाही? आणि हे झाड तरी कुठल्या कुळातलं? एका हरणात किती विषय सांधलेले होते, आणि मला सांगत होते, त्यातला एक काढून ठेव.

सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या धर्माबादहून मामा आले. म्हणाले, "आमच्याकडं अकरावीला गणित अन् जीवशास्त्र दोन्ही घेता येतंय की रे!" रेल्वेने बासरच्या जरा पुढचंच गाव ते. किती जवळ, आणि किती लांब!

मी एमपीसी घेतलं. इंटरच्या प्रयोगशाळेत क्षार ओळखताना, परीक्षानळीतून उठणाऱ्या उग्र वासांमध्येही नाक उगीचच तो आंबूस वास धुंडाळत राही. पोनिकी एरंडाच्या कुळातली, हे कळायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. झाड पलीकडच्या गटात राहिलं होतं ना.

2016 साली आदिलाबादमधून निर्मलचा वेगळा जिल्हा झाला. घराघरांतले ते दोन शब्द मात्र होते तिथेच आहेत. यंदा भाची दहावी झाली. "मामा, कुठलं घेऊ?" तिनं विचारलं. म्हटलं, "मन ओढ घेईल ते घे, बाई. फक्त दुसऱ्या गटातल्या मैत्रिणीची वही अधूनमधून मागून वाचत जा."